मे महिन्याच्या बिलाआधी ऑगस्टचे बिल पाहा

सिंहगड रस्त्यावरील सात मजली इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एका कुटुंबाचा प्रश्न असा आहे: घर दोन बेडरूमचे, माणसे चार, दीड टनाचा तीन तारांकित एसी आठ वर्षांचा, फ्रिज चौदा वर्षांचा, गीझर 15 लिटरचा. ऑगस्टमध्ये 180 युनिट, जानेवारीत 220 आणि मे महिन्यात 390 युनिटचे बिल आले. जुना एसी काढून पंचतारांकित घ्यावा, की सरळ छपरावर सौर पॅनेल बसवावीत?

माझे उत्तर असे आहे की सध्या या दोन्हींपैकी काहीही करू नये. आधी दोन-तीन आठवडे नीट मोजमाप करावे आणि त्यातून जे निघेल त्या क्रमाने खर्च करावा. घरगुती वीजवापराची तपासणी करताना मला बहुतेक ठिकाणी एकच चित्र दिसते. ज्या यंत्राचा आवाज येतो आणि ज्याचा वापर डोळ्यांना दिसतो त्याच्यावर सगळा रोख असतो, आणि जे वर्षभर गुपचूप वीज खाते त्याच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही.

तुम्ही दिलेले तीन आकडे दिवसांनी भागून पाहा. बिलावरील दोन रीडिंगमधील दिवस दर वेळी सारखे नसतात, म्हणून तुलना नेहमी दर दिवसाच्या युनिटची करावी. तुमच्या बाबतीत 31 दिवस धरले तर ऑगस्टमध्ये रोज 5.8, जानेवारीत 7.1 आणि मे महिन्यात 12.6 युनिट पडतात. मे महिन्याचा आकडा धडकी भरवतो हे खरे, पण तो वरचा भार पुण्यात वर्षातून अडीच महिनेच असतो. रोज सरासरी सहा युनिट जादा धरले तरी वर्षाला साडेचारशे-पावणेपाचशे युनिट होतात. याउलट ऑगस्टचे 5.8 युनिट हा तुमच्या घराचा पाया आहे, तो 365 दिवस चालतो आणि वर्षाला 2100 युनिटच्या पुढे जातो. म्हणजे वर्षभराच्या विजेतला मोठा वाटा ज्या महिन्यात तुम्ही बिलाकडे ढुंकूनही पाहत नाही त्या महिन्याच्या बिलात आहे.

महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्यांचे आहेत: 100 युनिटपर्यंत, 101 ते 300, 301 ते 500 आणि त्यापुढे. तीनशेची रेघ ओलांडली की सगळीच युनिट महाग होतात, असा पक्का समज अनेक घरांत असतो, पण तो बरोबर नाही. वरचा दर रेघेच्या वरील युनिटनाच लागतो. तुमच्या मे महिन्याच्या बिलात 300 युनिट खालच्या दोन टप्प्यांच्या दरांनी आणि फक्त 90 युनिट तिसऱ्या टप्प्याच्या दराने आकारलेली असतात. ती 90 युनिट वाचवली तर युनिटमागे जास्त पैसे वाचतात हे मान्य, पण ती वर्षातून दोन-तीन बिलांतच येतात.

आता मोजायचे कसे, ते सांगतो. तुमच्या मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो आणि मीटरच्या दर्शनी भागावर एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो ते छापलेले असते. अनेक सिंगल फेज मीटरवर हा आकडा 3200 असतो, पण आपल्या मीटरवरचा आकडा स्वतः वाचून घ्यावा. 3200 असेल तर हिशोब सोपा आहे: 1125 ला दोन लुकलुकींमधील सेकंदांनी भागले की त्या क्षणी घर किती वॅट वीज घेत आहे ते कळते. दहा सेकंदांनी दिवा लुकलुकला तर सुमारे 112 वॅट, पाच सेकंदांनी लुकलुकला तर 225 वॅट. आकडा वेगळा असेल तर 36,00,000 ला त्या आकड्याने भागून जे येईल ते 1125 च्या जागी घ्यावे.

आपल्याकडच्या इमारतींत मीटर बहुधा पार्किंगमध्ये किंवा जिन्याखाली असतात, त्यामुळे हे काम दोघांनी फोनवर बोलत करावे. एकाने मीटरसमोर उभे राहावे आणि दुसऱ्याने घरात एकेक एमसीबी (विजेच्या पेटीतला खटका) खाली करत जावे. मोजण्याची वेळ रात्री झोपण्यापूर्वीची असावी. पंखे, दिवे, टीव्ही, एसी असे हाताने बंद होणारे सगळे बंद करावे, फ्रिजचा प्लग तेवढ्यापुरता काढावा आणि मग दिवा पाहावा. खरे तर तो जवळजवळ थांबायला हवा. पण बहुतेक घरांत तो थांबत नाही. सेट टॉप बॉक्स, वायफायचे राउटर, फ्रिजचा आणि एसीचा स्टॅबिलायझर, मायक्रोवेव्हचे घड्याळ आणि भारनियमनाच्या काळात घेऊन ठेवलेला इन्व्हर्टर हे सगळे मिळून काही ना काही घेतच असतात. कर्वेनगरमधील एका घरात सगळे बंद केल्यावरही दिवा दर बारा-तेरा सेकंदांनी लुकलुकत होता, म्हणजे नव्वद वॅटच्या आसपास वीज जात होती. त्यातला निम्म्याहून अधिक वाटा एका जुन्या इन्व्हर्टरचा निघाला. त्याची बॅटरी इतकी थकली होती की ती कधी पूर्ण भरतच नव्हती, आणि चार्जर चोवीस तास तिला वीज पाजत होता. त्या भागात वीज क्वचितच जात असल्याने इन्व्हर्टरचा उपयोग कोणाच्या स्मरणातही नव्हता.

एक गणित पाठ करून ठेवावे. एक युनिट म्हणजे हजार वॅट तासभर, आणि महिन्याचे तास 720 असतात, म्हणून सतत चालू राहणारा प्रत्येक वॅट महिन्याला 0.72 युनिट घेतो. नव्वद वॅट म्हणजे महिन्याला जवळजवळ 65 युनिट. ही वीज कोणालाही हवा, उजेड किंवा गरम पाणी देत नाही, म्हणून ती सर्वांत आधी थांबवावी. त्यासाठी खर्चही जवळपास येत नाही. आणि मुख्य स्विच पूर्ण बंद केल्यावरही दिवा लुकलुकत राहिला, तर मात्र मोजमाप तिथेच थांबवून चांगल्या वायरमनला बोलवावे, कारण तो वायरिंगमधील गळतीचा किंवा चुकीच्या जोडणीचा प्रकार असू शकतो.

पुढची पायरी प्लगमध्ये बसणाऱ्या छोट्या ऊर्जामापकाची आहे. 16 अँपिअरचा घ्यावा, म्हणजे फ्रिज, गीझर आणि एसी तिन्ही मोजता येतात. सोसायटीत चार घरांनी मिळून एक घेतला तरी भागते. मोजताना यंत्राच्या स्वभावाप्रमाणे वेळ द्यावा लागतो. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू-बंद होत असल्याने तासाभराचा आकडा फसवा असतो, म्हणून फ्रिज सलग 48 तास मोजावा आणि दोनाने भागावे. एसी तीन-चार रात्री मोजून सरासरी काढावी आणि त्या प्रत्येक रात्रीचे बाहेरचे किमान तापमान शेजारी लिहावे, नाहीतर पुढे कोणतीही तुलना करता येणार नाही. गीझर आठवडाभर मोजावा, कारण रविवारची अंघोळ आणि सोमवारची अंघोळ यांत फरक असतो. भिंतीतून थेट वायर गेलेला गीझर असेल, तर तो चालू असताना मीटरच्या दिव्यावरून त्याचे वॅट काढून चालू असलेल्या मिनिटांशी गुणावे.

गीझरबद्दल थोडे अधिक सांगतो, कारण जानेवारीतला तुमचा आकडा जेवढा दिसतो त्यापेक्षा अधिक काही सांगतो. ऑगस्टपेक्षा जानेवारीत रोज 1.3 युनिट जास्त गेली, पण त्या महिन्यात पंखे जवळजवळ बंद असतात. पंख्यांची वाचलेली वीज मिळवली तर गीझर रोज तीन युनिटच्या आसपास घेत असावा. आता गरज किती आहे ते पाहू. वीस लिटरची बादली 22 अंशांवरून 40 अंशांपर्यंत तापवायला सुमारे 0.42 युनिट लागते. चार माणसांच्या चार बादल्यांना 1.7 युनिट पुरे. उरलेले सव्वा युनिट टाकीतून बाहेर जाणाऱ्या उष्णतेत आणि वापरून उरलेल्या, पुन्हा थंड होणाऱ्या पाण्यात जाते. 2 किलोवॅटचा 15 लिटरचा गीझर हे पाणी 22 वरून 60 अंशांपर्यंत वीस मिनिटांत तापवतो. त्यामुळे पहाटे पाचला चालू करून आठपर्यंत तसाच ठेवण्याचे काही कारण नाही. अंघोळी एकामागून एक उरकाव्यात, आणि थर्मोस्टॅटची खूण बाहेर असेल तर ती 50 अंशांवर आणावी.

तुमच्या इमारतीवर सौर बंब आहे का, हे तुम्ही लिहिलेले नाही. पुण्यातील अनेक इमारतींवर तो असतो, आणि तरीही घराघरांत गीझर चालू असतात. याचे कारण बहुधा बंबात नसून पाइपमध्ये असते. एक इंच पाइपच्या दर मीटरमध्ये साधारण अर्धा लिटर पाणी मावते, म्हणजे गच्चीपासून तीस मीटर खाली आलेल्या पाइपमध्ये पंधरा लिटर गार पाणी थांबलेले असते आणि सकाळी प्रत्येकाला आधी तेच मिळते. ते ओतून देण्यापेक्षा लोक गीझरचे बटण दाबतात. गरम पाण्याच्या पाइपला फोमचे वेष्टण घालणे, आणि सोसायटीची तयारी असल्यास सकाळी अर्धा तास छोट्या पंपाने पाणी फिरवणे, हे दोन उपाय इथे उपयोगी पडतात. तुम्ही वरच्या मजल्यावर आहात, त्यामुळे हा तोटा तुमच्याकडे सर्वांत कमी असायला हवा. बंब असूनही गीझर लागत असेल तर बंबाच्या नळ्यांवर साचलेला क्षार आधी तपासावा.

आता उन्हाळा. वरच्या मजल्यावरील घराचा उन्हाळा हा आधी छपराचा प्रश्न असतो आणि नंतर एसीचा. पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे, त्यामुळे मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास, साधारण 13 तारखेला, सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवसांत दक्षिणेकडील भिंतीवर ऊन जवळजवळ पडत नाही. ते पडते छपरावर आणि दुपारनंतर पश्चिमेच्या भिंतीवर. भर दुपारी छपराच्या दर चौरस मीटरवर सुमारे 1000 वॅट इतके ऊन येते. साठ चौरस मीटरचे घर असेल तर त्यावर साठ किलोवॅट पडत असतात, आणि खाली तुमचा दीड टनाचा एसी पाच-सव्वापाच किलोवॅट उष्णता बाहेर काढण्याची धडपड करत असतो. काँक्रीटचा स्लॅब आणि त्यावरचा विटांच्या तुकड्यांचा कोबा ही उष्णता लगेच खाली सोडत नाही. ती कित्येक तासांनी खाली उतरते, म्हणून घर सर्वांत जास्त तापते ते दुपारी नव्हे, तर रात्री आठ ते दहाच्या दरम्यान, म्हणजे नेमके तुम्ही एसी लावता तेव्हा.

हे तुमच्याच घरात खरे आहे का, ते तपासता येते. नेम धरून तापमान दाखवणारा इन्फ्रारेड तापमापक घ्यावा. रात्री नऊ वाजता, एसी लावण्यापूर्वी, बेडरूमच्या छताच्या मध्यावर, पश्चिमेच्या भिंतीवर आणि आतल्या एखाद्या भिंतीवर मोजावे. हे मोजमाप रंगवलेल्या पृष्ठभागावरच करावे, कारण चकचकीत धातू किंवा आरसा यांवर हा तापमापक चुकीचा आकडा दाखवतो. छत आतल्या भिंतीपेक्षा चार-पाच अंशांनी गरम असेल तर दोषी छप्पर आहे. छताचा फरक एक-दोन अंशांचाच असेल आणि पश्चिमेची भिंत तापलेली असेल, तर पैसा गच्चीवर नव्हे, तर त्या भिंतीच्या आणि खिडकीच्या बाहेर सावली करण्यावर खर्च करावा. बाहेर म्हणतो ते मुद्दाम. काचेच्या आतला पडदा ऊन आत आल्यावर अडवतो, बाहेर लावलेला बांबूचा चिक किंवा वाळ्याचा पडदा ते काचेपर्यंत पोचूच देत नाही.

छप्पर दोषी निघाले तर पांढरा परावर्तक थर हा या घरातील मला सर्वांत मोलाचा वाटणारा उपाय आहे. साधे करडे काँक्रीट पडलेल्या उन्हातला फार तर तिसरा हिस्सा परत पाठवते, नवा पांढरा थर चार पंचमांशाच्या आसपास पाठवतो. मात्र दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पावसाळ्यानंतर गच्चीवर शेवाळ काळे पडते आणि बांधकामाची धूळ बसते, म्हणून दर वर्षी फेब्रुवारीत गच्ची घासून धुवावी, नाहीतर तिसऱ्या वर्षी हा थर नावालाच पांढरा उरतो. दुसरे असे की थर कोरड्या पृष्ठभागावरच धरतो, त्यामुळे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये करावे, मे महिन्याच्या अखेरीस घाईने नव्हे. गच्ची सामाईक असल्याने सोसायटीची लेखी परवानगी लागते. खर्च कोणाचा यावरून वाद होतात, पण जिथे वॉटरप्रूफिंग यंदा करायचेच आहे तिथे वरचा थर पांढरा निवडण्यासाठी वेगळा मोठा खर्च येत नाही, हा मुद्दा पदाधिकाऱ्यांना पटतो.

पुण्याचे आणखी एक वरदान आपण हल्ली वाया घालवतो. एप्रिलमध्ये दुपारी पारा 38-40 अंशांवर गेला तरी पहाटे तो वीस-बावीसच्या आसपास उतरतो. रात्री खिडक्यांना डासांची जाळी लावून घर आरपार उघडे ठेवावे आणि सकाळी आठ-नऊला खिडक्या, पडदे बंद करावेत. पूर्वीच्या वाड्यांत हेच केले जात असे आणि ते आजही लागू पडते. हवा कोरडी असल्याने दीडशे-दोनशे वॅटचा कूलरही मे महिन्याच्या अखेरीपर्यंत उत्तम काम करतो. वळवाचे पाऊस सुरू झाले की त्याचा उपयोग संपतो.

एसीबद्दल तुम्ही मुख्य प्रश्न विचारला आहे, म्हणून हिशोब मांडतो. उन्हाळ्यातील जादा साडेचारशे-पावणेपाचशे युनिट सगळीच एसीची धरली आणि नवा पंचतारांकित एसी त्यात 30 टक्के बचत करतो असे मानले, तरी वर्षाला दीडशेच्या आत युनिट वाचतात. त्या वरच्या टप्प्यातल्या युनिटना 15 रुपये धरले तरी वर्षाला सव्वादोन हजारांपर्यंतच बचत होते. नवा एसी चाळीस हजारांच्या पुढे जातो. चालता एसी केवळ वीज वाचवण्यासाठी बदलणे या वापराला परवडत नाही. तो बिघडेल तेव्हा पंचतारांकित इन्व्हर्टर एसी (गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा) अवश्य घ्यावा. लेबलवरचे वार्षिक युनिट 1600 तासांच्या वापरावर काढलेले असतात, तुमचा वापर त्याच्या निम्माही नसेल, हे लक्षात ठेवून तुलना करावी. तोवर फिल्टर पंधरवड्याला धुवावा, 26 अंशांवर लावून सोबत पंखा चालवावा (तापमान एका अंशाने वाढवले की सुमारे 6 टक्के वीज वाचते असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो) आणि बाहेरचे युनिट ड्राय बाल्कनीत कोंडलेले असेल तर ते मोकळ्या हवेत काढावे. स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढणारे युनिट किती वीज घेते, ते ऊर्जामापक लावून आधी आणि नंतर पाहिले की कोणी सांगावे लागत नाही.

पंखे मात्र ताबडतोब बदलण्यासारखे आहेत. जुना पंखा पूर्ण वेगावर 75 वॅट घेतो, बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या मोटरचा) पंखा 28 ते 35 वॅट घेतो. रोज 12 तास चालणाऱ्या पंख्यामागे महिन्याला 16 युनिट वाचतात, वर्षातील दहा महिन्यांत 160. युनिटला 10 रुपये धरले तर तीन हजारांचा पंखा दोन वर्षांत स्वतःची किंमत वसूल करतो. जानेवारी 2023 पासून छताच्या पंख्यांवर तारांकन सक्तीचे आहे. नुसते तारे पाहू नयेत, दर वॅटमागे किती हवा देतो तो लेबलवरचा आकडाही पाहावा.

फ्रिजच्या दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावावे. पट्टी सहज सुटून आली तर आधी रबर बदलावे, भिंतीपासून थोडे अंतर सोडावे आणि मग 48 तास मोजावे. रोज 1.8 युनिटच्या वर आकडा आला तर वर्षाला साडेसहाशे युनिट होतात. त्याच मापाचा आजचा चांगला फ्रिज 250 च्या आत भागवतो, त्यामुळे तो बदलणे योग्य. एक युनिटच्या खाली आला तर तो आनंदाने चालू ठेवावा. दिव्यांबद्दल वेगळे सांगायला नको. कॉपर चोक असलेली जुनी ट्यूब कुठे उरली असेल तर ती काढावी. आणि प्लगमध्ये लावले की बिल कमी होते असे सांगून विकल्या जाणाऱ्या डब्या घेऊ नयेत. त्यांत बहुधा कपॅसिटर असतो. घरगुती मीटर प्रत्यक्ष वापरलेली युनिट मोजतो, आणि त्यावर कपॅसिटरचा परिणाम जवळजवळ होत नाही.

सौर पॅनेल यानंतर. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला 2 किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला 30,000 रुपये आणि 3 किलोवॅट किंवा त्यापुढे एकूण 78,000 रुपये अनुदान मिळते. एक किलोवॅट पॅनेल पुण्यात महिन्याला सरासरी 120 युनिटच्या आसपास देते. आजच्या वापरावर मोजले तर तुम्हाला 2 किलोवॅट लागतील. पंखे, फ्रिज आणि फुकट जाणारा भार हातावेगळा केल्यावर दीड किलोवॅट पुरण्याची शक्यता आहे, आणि सामाईक गच्चीवर कमी जागा मागणे केव्हाही सोपे असते. पॅनेलच्या सावलीने स्लॅबही कमी तापतो, पण सांगाडा उभा राहण्याआधी गच्चीचे वॉटरप्रूफिंग आणि पांढरा थर उरकून घ्यावा. एकदा पाय रोवले गेले की त्याखालची गळती शोधण्यासाठी सगळे उतरवावे लागते.